दोन काने

मालगुंडला आमच्या घरामागे, वरच्या कातळी सड्याची वाट सुरू होते तिथल्या गडग्यासमोर, एक बरका फणस आहे. कागदोपत्री तो सहा चुलत घरांत वाटलेला आहे. आमच्याकडे त्याचा सहावा हिस्सा येतो, म्हणजे वर्षाला तीन-चार फणस, सावलीचा एक चतकोर आणि पडलेली पानं मात्र सगळी, कारण पानांवर आजवर कोणी हक्क सांगितलेला नाही. या फणसाच्या खोडावर, वाटेकडच्या अंगाला, ‘बाळा’ असं नाव कोरलेलं आहे. गेली पंचेचाळीस वर्षं ते नाव मी माझं समजत आलो. गावात माझ्या वेळेला बाळा नावाचे निदान सहाजण होते. कोकणात बाळा हे नाव ठेवत नाहीत, ते नाव सुचेपर्यंतची सोय म्हणून वापरतात आणि मग माणूस साठीला आला तरी ती सोय चालूच राहते. पण झाड आमचं (सहावा हिस्सा का होईना), तेव्हा त्यावरचा बाळाही आमचाच, असा माझा सरळ हिशेब होता.

कोरल्याचं मला लख्ख आठवतं. मी अकरा वर्षांचा होतो, मे महिना होता आणि आजोबांचा पेन्सिली तासायचा चाकू त्यांच्या नकळत माझ्या खिशात होता. दुपारी सगळं घर माजघरात आडवं झालेलं असताना मी फणसापाशी गेलो आणि सालीत टोक घातलं. पहिल्याच रेघेला पांढरा चीक बाहेर आला. फणसाचा चीक ही जगातली सर्वांत प्रामाणिक वस्तू असावी. तो काही लपवत नाही आणि लपवूही देत नाही. ‘ब’ पुरा होईतो माझी तर्जनी आणि अंगठा एक झाले होते, ‘ळ’च्या दुसऱ्या वळणाशी चाकू हाताचा अवयव झाला होता. तिसऱ्या प्रहरी आजीने पाणी प्यायला दिलं आणि रिकामा तांब्या परत मागितला, तर तो येईना. आजीने काहीच विचारलं नाही. फळीवरची खोबरेल तेलाची वाटी पुढे सरकवली आणि म्हणाली, “आधी तेल लावायचं, मग फणसाला हात लावायचा. एवढं कळत नाही, तर जातोस कशाला?” नाव कोरण्याबद्दल तिचा आक्षेप नव्हता. पूर्वतयारीबद्दल होता.

पुढे बऱ्याच वर्षांनी, झाडावर नाव कोरण्यात मी एकटा नाही आणि ही काही फक्त सुट्टीतल्या पोरांची खोडी नाही, हे मला एका पुस्तकातून कळलं. स्पेन आणि फ्रान्स यांच्या मध्ये पिरेनीजचे डोंगर आहेत, तिथले बास्क लोक पोट भरायला अमेरिकेच्या पश्चिम भागात गेले आणि तिथे मेंढपाळ झाले. उन्हाळाभर एकेकटा माणूस, त्याचा कुत्रा आणि हजार-दीड हजार मेंढरं, नेवाडा-कॅलिफोर्नियाच्या उंच डोंगरांत. बोलायला कोणी नाही. त्या डोंगरांत अॅस्पेन नावाचं झाड असतं, पांढऱ्या गुळगुळीत सालीचं, जणू कोणी वही उभी करून ठेवावी तसं. मेंढपाळांनी त्या सालीवर चाकूच्या टोकाने नावं लिहिली, गावं लिहिली, तारखा लिहिल्या, बायांची चित्रं काढली, मालकाला शिव्या घातल्या, एकटेपणाची गाऱ्हाणी मांडली. होसे मालेया-ओलाएचे नावाच्या इतिहासकाराने वर्षानुवर्षं रानं तुडवून अशी हजारो कोरीव अक्षरं नोंदवली आणि 2000 साली त्यांच्यावर पुस्तक लिहिलं. काहीजण अजूनही पांढऱ्या मलमलीचं कापड खोडाला गुंडाळून मेणाच्या खडूने त्या अक्षरांचे ठसे घेतात, कारण अॅस्पेन साधारण शंभर वर्षं जगतो आणि विसाव्या शतकाच्या आरंभीची ती झाडं आता एकेक करून आडवी होत आहेत. जगात ग्रंथालयांना वाळवी लागते हे ठाऊक होतं. एखादं ग्रंथालय म्हातारपणाने मरतं हे नवीन होतं.

त्यातली एक गोष्ट मला फार आवडली. जाणता मेंढपाळ खोल कोरत नसे. तो नुसता ओरखडा काढी, केसाएवढा. त्या दिवशी तो वाचताही येत नसे. मग झाड आपली जखम भरू लागे, भरताना ती काळी पडे, वर्षागणिक रुंदावे आणि काही वर्षांनी पांढऱ्या सालीवर काळंभोर अक्षर उमटे. म्हणजे माणसाने फक्त कच्चा मसुदा लिहायचा, सुवाच्य प्रत झाड काढणार. लिहिणारा मात्र तोवर दुसऱ्या डोंगरावर. आपलं अक्षर कसं आलं हे पाहायला तो परत येईलच असं नाही. मला आमच्या मासिकांचे संपादक आठवले, पण ते असो.

हे वाचल्यावर मी मालगुंडला आलो तेव्हा फणसासमोर बराच वेळ उभा राहिलो आणि एक शोध लावला, जो बास्क मेंढपाळांना लागणं शक्य नव्हतं, कारण त्यांच्या लिपीला शिरोरेघ नाही. झाडाचा घेर वाढतो तो आडवा. त्यामुळे सालीतली उभी चीर दोन्ही अंगांनी ओढली जाते आणि फाकत जाते. आडवी चीर नुसती लांबते, बारीकच राहते आणि पुष्कळदा बुजूनही जाते. देवनागरीत याचा परिणाम असा की काना लठ्ठ होत जातो आणि डोक्यावरची रेघ विरळ होत जाते. म्हणजे चाळिशीनंतर नावाच्या धन्याचं जे होतं, तेच नावाचं होतं. मोडी लिहिणारे कारकून आधी कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत रेघ ओढून घेत आणि मांडवाला पडवळं लोंबावीत तशी अक्षरं तिला लोंबत ठेवीत. असा एखादा शिस्तीचा कारकून चाकू घेऊन फणसाकडे वळला असता तर त्याने रेघ खोडाभोवती पुरी फिरवून आणली असती आणि साल चोहोबाजूंनी तुटल्यावर झाड मेलंच असतं. मोडी मागे पडली याचं दुःख आहेच, पण फणसांच्या बाजूनेही विचार व्हायला हवा.

बास्कांचं वाचताना साहजिकच आपला धनगर आठवला. घाटावरून दिवाळीनंतर मेंढरं घेऊन धनगर कोकणात उतरतात, भात कापून मोकळ्या झालेल्या खाचरांत रात्री मेंढरं बसवतात, शेतकऱ्याला लेंडीखत मिळतं आणि पाऊस यायच्या आत ते परत घाट चढतात, कारण इथल्या पावसात मेंढरांचे खूर कुजतात. तोही रानात एकटा, त्याच्याही कमरेला हत्यार, वाटेत झाडं तर पावलोपावली. मग त्याने का नाही नावं कोरली? मला वाटतं, त्याचे हात रिकामे नव्हते. चालता चालता धनगराच्या हातात चाती फिरत असते, लोकरीचं सूत निघत असतं, त्याचं पुढे घोंगडं व्हायचं असतं. बास्क माणसाचा एकटेपणा चाकूच्या टोकातून सालीत उतरला. धनगराचा सुतात गुंडाळला गेला आणि उरला तो ओव्यांत गेला. गुंथर सोन्थायमर नावाचे जर्मन पंडित पुण्यात राहून वर्षानुवर्षं धनगरांच्या वाड्यांवर बसून बिरोबा-खंडोबाच्या त्या ओव्या ऐकत होते, टिपून घेत होते. तिकडे मलमल आणि खडू, इकडे टेपरेकॉर्डर. ठसा घेणारा मात्र दोन्हीकडे परगावचाच लागतो, ही एक गंमत.

मालगुंडला मेंढरं नाहीत. गुरं होती. आमच्या समुद्राकडच्या वाडीचं नावच गायवाडी. आज तिथे सुरूचं बन आहे, पर्यटक आहेत आणि सुरूच्या खोडांवर गाडीच्या किल्लीने काढलेले बाण आणि बदाम आहेत. सुरूच्या सालीचे पापुद्रे सुटतात, त्यामुळे तिथलं प्रेम दोन-चार पावसाळे टिकतं. गणपतीपुळ्याच्या रस्त्याला घायपाताची बेटं आहेत, त्यांच्या जाड पानांवरही जोडनावं असतात; घायपात एकदाच फुलतो आणि मरतो, तेव्हा तिथे लिहिणाऱ्यांना तरी वाकडा शब्द बोलायला नको. खरे टिकाऊ लिहिणारे आमच्या सड्यावर होऊन गेले. रत्नागिरीच्या जांभ्या कातळावर हत्ती आहेत, वाघ आहेत, मासे आहेत, पाकट आहे, हात लोंबते सोडून उभी असलेली माणसं आहेत. कशेळीचा हत्ती तर अठरा मीटरच्या घरातला, त्याच्या पोटात आणखी प्राण्यांची गर्दी. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांचे सोबती उन्हातान्हात हिंडून ही कातळशिल्पं शोधत गेले आणि 2022 साली कोकणातली नऊ ठिकाणं, त्यातली सात आमच्या जिल्ह्यातली, युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. त्यातल्या एका गावाचं नाव देवाचे गोठणे. गोठण म्हणजे गुरं दुपारी बसतात ती जागा. तिथे कातळावर एक माणूस कोरलेला आहे आणि त्याच्याजवळ होकायंत्र नेलं की काटा भलतीकडे वळतो. गुरं मात्र तिथून बिनचूक घरी जात असणार, त्यांना उत्तर दिशेशी काय करायचंय.

बाळा, म्हणजे दुसरा बाळा, याला ही चित्रं मी वर्तमानपत्रात दाखवली तेव्हा तो फारसा चकित झाला नाही. “असल्या रेघोट्या मामाच्या सड्यावर पण हायत,” म्हणाला. “आम्ही त्यावर बसून भाकरी खायचो. म्हातारे म्हणायचे पांडवांनी काढल्यात. एका रात्रीत.” हा बाळा गावचा गुराखी होता. चौथी झाल्यावर त्याची शाळा सुटली आणि सडा सुरू झाला. सकाळी वाडीतली तीस-पस्तीस गुरं गोळा करून आमच्या फणसाखालून वर न्यायची, दिवे लागायच्या आत खाली आणायची. कमरेला लाकडी आकडी, तीत कोयती, खांद्यावर काठी आडवी आणि तिच्यावर दोन्ही हात टाकलेले, कातळावरच्या त्या माणसासारखा. आता गावात तीस गुरं नाहीत. तो कलमांची राखण करतो, म्हणजे गुरांऐवजी आंबे सांभाळतो. आंबे चुकून दुसऱ्याच्या भातात जात नाहीत, एवढाच फरक, असं त्याचं म्हणणं.

मालगुंडात नाव कोरण्याचा विषय काढायचा आणि केशवसुतांना ओलांडून जायचं, हे शोभणार नाही. कृष्णाजी केशव दामले 1866 साली इथे जन्मले आणि 1905 साली हुबळीला प्लेगने गेले. एकोणचाळीस वर्षांच्या आयुष्यात त्यांनी मराठी कवितेची वाट बदलली, पण पुस्तक म्हणून आपली कविता काही त्यांना हातात घेता आली नाही. संग्रह निघाला तो 1917 साली, हरि नारायण आपट्यांनी काढला. आणि नाव? केशवसुत, म्हणजे केशवचा मुलगा. स्वतःचं नाव बाजूला ठेवून बापाचं लावलं. आज त्यांच्या जन्मघराशी कोकण मराठी साहित्य परिषदेने स्मारक उभं केलं आहे आणि त्यांच्या कविता तिथे दगडावर कोरलेल्या आहेत. सहलीची पोरं त्या दगडांपुढे उभी राहून फोटो काढून घेतात. मी पुष्कळदा तिथे संध्याकाळी जाऊन बसतो आणि मनात येतं, ज्याने आपलं नाव लपवलं त्याचं गावाने दगडावर कोरलं, आणि आम्ही अकराव्या वर्षी, एक ओळही लिहायच्या आत, थेट सहीपासून सुरुवात केली. त्यातल्या त्यात समाधान एवढंच की बाळा म्हणजे तरी काय, कुणाचा तरी सुतच.

यंदा शिमग्याला गावी गेलो होतो. पालखी वाडीत यायला अवकाश होता. बाळा गडग्यावर बसला होता, मी फणसाला टेकून उभा होतो आणि बोलण्याच्या ओघात मी खोडावर थाप मारून म्हणालो, “पंचेचाळीस वर्षं झाली रे माझ्या या नावाला.” बाळाने विडी विझवली. “तुझ्या कुठलं, मेल्या? ते माझं हाय.”

मी हसलो. तो हसला नाही. कोयतीच्या टोकाने खरवडलेलं आहे म्हणाला, आकडीतून कोयती काढून, गुरं पुढे गेली असताना. मी चाकू, चीक, तांब्या असे माझे पुरावे मांडले. तो म्हणाला, चीक काय तुझ्या एकट्याच्या हाताला लागतो? मग मी, शिकलेल्या माणसाने अशा वेळी जे करू नये ते केलं. शास्त्र काढलं. त्याला म्हटलं, हे बघ, झाड शेंड्याकडे वाढतं. खोडावर कोरलेलं नाव वर सरकत नाही, ज्या उंचीवर कोरलं तिथेच राहतं. (लहानपणी माझी उलट समजूत होती. नाव दरवर्षी थोडं थोडं वर जाईल आणि मी म्हातारा होईन तेव्हा माडांच्या वरून समुद्रावरच्या गलबतांना ते वाचता येईल, असा माझा अंदाज होता.) आणि माणूस कोरतो तो आपल्या डोळ्यांच्या उंचीवर. तेव्हा नाव किती उंच आहे ते पाहायचं, की कोरणाऱ्याची त्या वेळची उंची निघाली. बाळा लक्षपूर्वक ऐकत होता. ऐकून झाल्यावर तो गडग्यावरून उतरला, माझे खांदे धरून मला झाडासमोर सरळ उभं केलं आणि तर्जनीने आधी माझी हनुवटी दाखवली, मग नाव. दोन्ही एका पातळीत होती.

“अकरा वर्षांचा होतास ना?” तो म्हणाला. “माझ्या काखेखालून जायचास तू. मी चौदाचा, ताडमाड.”

मी दगडावर उभा राहिलो असेन, असं मी म्हणून पाहिलं. तो खाली दगड शोधू लागला. गडगा वाटेच्या पलीकडे, झाडाखाली नुसता पाचोळा, माझ्याच हक्काचा. त्याने मला फार वेळ त्या पाचोळ्यात ठेवलं नाही. परत गडग्यावर बसला आणि आपणहून सांगू लागला. चौथीनंतर त्याला शाळेतून काढलं तेव्हा मास्तर घरी आले होते. बापाशी बोलून काही उपयोग झाला नाही, तेव्हा जाताना त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, बाळा, दोन अक्षरं विसरू नकोस. “मला वाटलं, दोनच म्हणतायत,” बाळा म्हणाला. “ब नि ळ. बाकीची विसरली तरी चालतील. मग म्हटलं, ही तरी ठेवू. जाताना एका झाडावर, येताना एका. वर सातीणीवर हाय, काजीवर होतं, ती तोडली. पाऊस लागला की थांबायचो, पाऊस गेला की बघायचो, जमतंय ना अजून.”

पालखीचे ढोल खालच्या वाडीत वाजायला लागले होते. मी काही बोललो नाही. बोलण्यासारखं होतं ते सगळं मी शास्त्रात खर्च करून बसलो होतो. बाळाला बहुधा माझी कीव आली असावी, कारण तो उठला आणि फणसाच्या मागच्या अंगाला गेला, जिकडे आमचं न्हाणीघर आहे आणि जिथे पंचेचाळीस वर्षांत मी एकदाही वाकून पाहिलं नव्हतं. “हे बघ,” म्हणाला, “हे तुझं असेल. माझं नाय.” माझ्या छातीच्या बेतात, दगडफुलाच्या करड्या ठिपक्यांआड, दोन उभ्या रेघा होत्या, करंगळीएवढ्या जाड. ब-चा दांडा शेजारच्या कान्यात मिसळून गेला होता, गोल बुजला होता, ळ झाडाने पुरता गिळला होता, शिरोरेघेचा पत्ता नव्हता. दोन काने तेवढे शिल्लक. पोथीत श्लोक संपला की असतात तसे.

“वाचता येत नाही,” मी म्हणालो.

“तुझं हाय म्हटल्यावर वाचायचं कशाला?” बाळा म्हणाला.

मग आम्ही कुयरी काढली. शिमग्याच्या सुमाराला फणसाला कोवळ्या कुयऱ्या लागतात, भाजीजोग्या, मुठीपेक्षा थोड्या मोठ्या. माझ्या वाट्यातल्या होत्या की दुसऱ्या कोणाच्या, हे त्या क्षणी विचारात घेतलं नाही. बाळाने कोयतीने देठ कापला, मी खाली ओंजळ धरली, आणि पांढरा चीक माझ्या दोन्ही हातांवर सरळ धारेने आला. त्याच्याही मनगटावर आला. आम्ही हात पसरून उभे असतानाच बाळाची बायको पालखीसाठी ओटीचं तबक घेऊन वाटेने वर आली. आमच्याकडे बघून तिने तबक गडग्यावर ठेवलं.

“भावोजी, आधी तेल लावलंत का?” ती म्हणाली. “यांचं सोडा, यांना कधीच कळलेलं नाही. पण तुम्ही शिकलेले.”

आणि तेलाची वाटी आणायला ती आमच्या स्वयंपाकघराकडे गेली.